तांदळाचा फोटो

लिमा शहरातल्या टेकडीवरल्या अन्नछत्राच्या रांगेत नेलिदाच्या पुढेच एक म्हातारी नातीचा हात धरून उभी होती. तांदूळ दान देणाऱ्या आर्रेसेसाहेबांनी मोबाईल रोखला.

"पोरीच्या हातात पिशवी द्या, आजी. फोटो काढू."

"नको, साहेब. शाळेत चिडवतील तिला."

"फोटो नाही, तर पुढच्या महिन्यात तांदूळ नाही. दोमितिलाबाई, समजवा यांना."

पिशव्या वाटणाऱ्या दोमितिलाने एप्रन काढून ठेवला.

"माझा काढा."

"तुम्ही तर इथे सेवा करता!"

"आमच्याही घरी हेच तांदूळ शिजतात, साहेब."

नेलिदा रांग सोडून दोमितिलाशेजारी जाऊन उभी राहिली.

"माझाही काढा."

साहेबांनी नाइलाजाने मोबाईल वर केला.

"जरा हसा तरी."

"हसायचं ठरलं नव्हतं, साहेब," नेलिदा म्हणाली.