सगळ्यात जड पटर

गोल्फच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. चेंडू हळूच होलमध्ये ढकलायची काठी, म्हणजे पटर, घ्यायला आले होते.

“माणूस पटर निवडत नाही, पटर माणसाला निवडतो,” दुकानदार म्हणाला.

“मग यानं बरीच वर्षं कुणाला निवडलेलं दिसत नाही. केवढी धूळ!” बायको म्हणाली.

“तू थांब गं. दादा, याहून जड आहे?”

“हाच सगळ्यात जड, साहेब. मारताना मनगट वळतं का तुमचं?”

“वळत नाही. थरथरतं. फक्त पटर धरला की.”

“आणि दाढी करताना? परवा गालाला तीन पट्ट्या होत्या, अहो.”

“ब्लेड जुनं होतं.”

“नवं होतं. मीच आणलेलं. आपण डॉक्टरांकडे जाऊ या ना.”

“माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी उजवा हात. डॉक्टरांनी एकदा त्याचं नाव सांगितलं की ते खरं होऊन बसतं. दादा, एवढ्या वजनानं थांबेल ना?”

“पटर थांबेल, साहेब. हाताचं मी कसं सांगू?”

“बरं. हाच द्या.”

“वॉरंटी कार्डावर इथे सही करा.”

“अगं, तेवढी सही तू कर ना.”