निळी दारं

मांजरसुंब्याच्या थांब्यावर वनमाला गेवराईच्या एसटीची वाट बघत होती. शेजारच्या बन्सीअप्पांचा फोन स्पीकरवर होता, त्यांची लेक अंजली इंग्लंडातून बोलत होती. सगळा थांबा ऐकत होता.

"अप्पा, इथली ही हवेली लई मोठी हाय. गाव आधी तिच्या खिडकीसमोर होतं. मालकाला बघवंना, म्हणून पाडून टेकडीमागं नेलं."

"गोऱ्याला गोऱ्याचं तोंड बघवंना?"

"गरिबाचं बघवंना."

"घरं दिली का पण?"

"दिली, दगडाची. सगळ्या दारांना एकच निळा रंग."

"निळा? मंग आपलीच माणसं म्हण की!"

"न्हाई ओ. मालकाचा रंग हाय त्यो. दुसरा लावायचा न्हाई."

"अन् घरं नावावर कुणाच्या?"

"अजून मालकाच्याच. दोनशे वर्षं होत आली. अप्पा, रविराजदादाला काय सांगितलं?"

"त्याच्या बंगल्यासमोरनं आपली वस्ती उठवायला हो म्हणायलाच निघालोय. टेकडीमागं नवी घरं देतो म्हणला."

"कुणाच्या नावावर?"

"त्ये इचारलंच न्हाई गं."

गाडी लागली.

"अप्पा, चढा की," वनमाला म्हणाली.

"तुमी जा, बाई. मला घरी जाऊन माझ्या दाराला माझा रंग द्यायचाय."