कडेचा तुकडा

मॅडम : पण काढलेलं जनुक परत घातलंस ना बुरशीत?

चिमणी : घातलं, मॅडम. प्रथिनही बनतंय. तरी ताटली पांढरीफटक. बीजाणू औषधालाही नाही.

मॅडम : असं कसं होईल, चिमणे? पेशीतल्या आरएनएचा निरोप धरून ठेवायचा आणि वेळ झाली की सोडायचा, हेच या प्रथिनाचं काम. ते नव्हतं म्हणून बीजाणू अडले. छापलंय आपण तसं!

चिमणी : म्हणूनच फ्रीजरमधली पहिली कुपी काढली. जनुक काढलेलीच बुरशी, पण ताजी.

मॅडम : मग?

चिमणी : हिरवीगार झाली. प्रथिन नसताना, बीजाणूच बीजाणू.

मॅडम : काहीतरीच काय!

चिमणी : मूळ बुरशी आपण बीजाणू पेरून वाढवतो. जनुक काढलेल्या हिचा मात्र दर वेळी कडेचा तुकडा कापून नव्या ताटलीत लावला. कापून कापून थकली ती, मॅडम. फळायचंच विसरली. प्रथिनावर उगाच आळ.

मॅडम : कडेचा तुकडा मीच शिकवला तुला. तिथं बुरशी तरुण असते म्हणून.

चिमणी : मीही नंदीबैलासारखी मान डोलावली.

मॅडम : आणि बुरशीचा पिवळा रंग? जनुक काढल्यावर तोही गेला होता ना?

चिमणी : तो ताज्या बुरशीतही येत नाही. रंगाचा निरोप मात्र हेच प्रथिन सांभाळतं.

मॅडम : मग झालं तर! प्रबंधात रंगाचं लिही. बाकी झाकली मूठ.

चिमणी : छापलेला लेख बीजाणूंचा आहे. पदवी त्याच्यावर अडलीय. आणि हे वाचा, दुसऱ्या प्रयोगशाळेतली मुलगी लिहितेय : ‘ताई, तुमचा लेख वाचून तेच जनुक काढलं. माझ्याकडे बीजाणू येतात. सर म्हणतात, तुझ्या हातालाच गुण नाही. माझं काय चुकतंय, सांगाल?’

मॅडम : कधी आलं हे?

चिमणी : परवा. काल पुन्हा.

मॅडम : (खुर्ची ओढून बसत) लिही तिला. तुझं काही चुकत नाही म्हणावं.

चिमणी : मग लेख मागे घ्यावा लागेल.

मॅडम : घेऊ.

चिमणी : आणि मी? दादा-वहिनींना सांगून बसलेय, यंदा सुटले म्हणून.

मॅडम : इकडे आड, तिकडे विहीर. कळतंय गं पोरी. तरी लिही.

चिमणी : ‘तुझं’ एवढं लिहिलंय कालपासून. पुढे बोट सरकत नाही, मॅडम.