झऱ्याच्या पाण्याची बाटली

इंद्रभानच्या धाकट्या नातीचं बारसं झालं त्या वर्षीची, दोन हजार चोवीसच्या मार्चमधली ही गोष्ट. बारसं आटोपून तो मालेगावच्या स्टँडवर केनवडच्या बसची वाट पाहत होता. पुढ्यात त्याच्या शेजारच्या उकंडाजींची बायको केवळाबाई, लेकाच्या शहरातून दोन दिवसांत परतलेली, आणि तिला घ्यायला आलेली नणंद रुख्मिणी.

"एवढ्या मोठ्या बागेतून पाण्याची बाटली आणली, वयनी?"

"तुह्या भावानं सांगतलं. बागेत जित्ता झरा हाये म्हणून ऐकलं त्यानं. जनमभर विहिरी खंदल्या, आता खाटेवरून चव पाह्यतो म्हणे."

"कशी होती बाग?"

"पाट्याच पाट्या! गवतावर चालू नका, फुलाले हात लावू नका. मंग बोलावता कायले? मी चपला फाटकाबाहीर काढल्या, झऱ्याच्या कुंडाले हळदकुकू वाह्यलं, तं वाचमननं शिट्टी फुकली. मावशी, पाणी खराब करून राह्यल्या! तिथंच एका साहेबाचं कुत्रं पवून राह्यलं होतं. त्याले शिट्टी नाही."

"मंग तेच पाणी भरलं?"

"कुत्र्याचं उष्टं पाजू का नवऱ्याले? हे बागेतल्या नळाचं हाये."

"आन दादाले काय सांगशीन?"

"झऱ्याचंच हाये म्हणून."

"दादा पाच गावच्या विहिरी जिभेवर वळखते. लबाडी धरली तं शिव्या देईल."

"देऊ दे. खाटेवर पडला तवापासून, पंधरा दिस झाले, बाई, त्यानं मले एक शिवी देली नाही."

त्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी उकंडाजींनी बायकोला हासडलेली शिवी इंद्रभानसकट आसपासच्या चार घरांनी ऐकली. शुक्रवारी, पंधरा मार्चला सकाळी उकंडाजी वारले.