बातमी माझ्या तोंडून फुटली

सन्माननीय अध्यक्ष मोठे साहेब, व्यासपीठावरच्या वकीलबाई, पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या इन्स्पेक्टरबाई, आणि समोर बसलेल्या लेकी-लेकांनो, सर्वांना नमस्कार. एवढं वकीलबाईंनी पाठ करून घेतलं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातही मास्तर सारखे आजारी. पण माईक हातात आला की बरं वाटतं हो! जन्मभर सगळे मला गप्पच बसवत आले.

मला आज फार आनंद झालाय. बाईंना खुर्चीत स्वस्थ टेकलेलं आज पहिल्यांदा बघतेय.

लोकांना वाटतं, पोरींना तोंड दाबून पळवतात. कशाला दाबतील? माझ्या नातीची पिशवी मीच भरून दिली. शेजारची शिवणवाली म्हणाली, कपड्यांच्या कारखान्यात लावते. पोर सोळाची. मी वर शिवणवालीलाच म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? पुढे तिनंच येऊन सांगितलं, की पोरगी कारखान्यातून कुणाबरोबर तरी निघून गेली. माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्यापेक्षा जास्त रडली.

बाईंनी आठ महिने लॉजच्या वह्या चाळल्या आणि पोरीला सोडवलं. सुधारगृहात ठेवलं. मला फोन केला, "आजी, सापडली. परवा ताबा मिळेल, कागद घेऊन या. तिचा हात हातात येईपर्यंत कुणाला बोलू नका." मी हो हो म्हटलं. आणि फोन ठेवला तशी अनवाणी गल्लीभर सांगत सुटले. पहिलं दार कुणाचं वाजवलं असेल? शिवणवालीचं. बिचारी इतकी रडली होती, तिला आधी नको सांगायला?

दुसऱ्याच दिवशी एक मावशी सुधारगृहात हजर. आडनाव आमचंच, शिक्के, फोटो, सगळं जागच्या जागी. पोरीला विचारलं, ही तुझी कोण? ती मान खाली घालून म्हणाली म्हणे, मावशी. तिला पाच मावश्या असत्या तरी मला ठाऊक असत्या ना? माझ्या पोटी एकच लेक, ती हिच्या बाळंतपणात गेली. मी पोचले तर खाटेवर घडी केलेली चादर.

चौकशी झाली. बातमी फुटली कुठून? बाईंनी स्वतःच्या नावावर लिहून दिलं, "माझ्याकडून." बढती गेली. म्हणून आज त्या सहा वर्षांपूर्वीच्याच हुद्द्यावरून घरी चालल्यात. मी विचारलं होतं, असं का हो केलंत? म्हणाल्या, "आजी, तुमचं नाव लिहिलं असतं, तर पोरीचा ताबा पुन्हा तुम्हाला कुणी दिला नसता."

आता ती बावीस पूर्ण झाली असेल. असली तर. ताब्याचं कारणच उरलं नाही, म्हणून बोलतेय. शिवणवाली पुराव्याअभावी सुटली. तिच्या मशीनचा आवाज माझ्या भिंतीतून येतो, नव्या पोरी शिकायला येतात. मी दारात उभी राहून त्यांना सांगते, तर म्हणतात, म्हातारीला वेड लागलंय.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई मला नव्यानं सुटलेल्या मुलींचे फोटो दाखवायच्या. मी 'नाही, नाही' म्हणत जायचे. बाईंच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना विचारलं, आता फोटो कोण दाखवणार? ते म्हणाले, फाईल वर पाठवलीय. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही माहीत नाही.

बाई, सोमवारी मी सवयीनं येईनच. बाकावर बसेन, जाईन.

बोलू दिलंत, उपकार झाले. वेळ जास्त घेतला, ओळी गाळल्या, त्याची क्षमा करा. पण ती एक चूक माफ करू नका, मोठे साहेब. बाईंच्या कागदावरून खोडा आणि माझ्या नावावर लिहा. अंगठा नाही, सही करते मी.