केसपेपरवरचं नाव

(इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी. सिस्टर स्वरूपा, रामहरी तात्या आणि तोंडाला स्कार्फ बांधलेली त्यांची सून.)

स्वरूपा : तात्या, केसपेपरवर वय अठ्ठावन्न आहे. ही तर पंचविशीची पण दिसत नाही.

रामहरी : लिवताना चुकलं आसंल.

स्वरूपा : नाव पण चुकलं? भागूबाई?

रामहरी : त्ये आमच्या मंडळीचं हाय. ही सूनबाई. जरा हळू बोला सिस्टर, भाईर आमच्याच गावची, निरवांगीची मानसं बसल्याती.

स्वरूपा : पण नाव कशाला बदललंत?

रामहरी : धाकटी लेक लग्नाची हाय. घरात डोक्याचा पेशंट हाय म्हनल्यावर पावनं चा प्यायाबी थांबायचं न्हाईत.

स्वरूपा : काय होतंय हिला?

रामहरी : बाळातपनाला तीन म्हयनं झालं. झोप न्हाय, जेवान न्हाय. पोरगं रडून रडून निळं पडलं तरी ही भिताडाकडं बघत बसती. परवा हिरीच्या काठाला घावली. बारामतीला खाजगीत दोन खेपा केल्या, तिसरी झेपंना. मग कुनीतरी म्हनलं, हितं फुकाट बघत्याती.

स्वरूपा : आता हिला एकटं सोडायचं नाही. बाळ अंगावर पितंय?

रामहरी : व्हय.

स्वरूपा : आणि पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला तुम्ही एकटेच येणार. नवे डॉक्टर कागद बघून अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या गोळ्या देणार. त्या दुधातनं बाळाच्या पोटात गेल्या म्हणजे?

रामहरी : एवढं ध्यानातच आलं न्हाय बगा.

स्वरूपा : गेल्या वर्षी तुमच्या गावात आम्ही ह्याचंच शिबिर ठेवलं होतं.

रामहरी : ठावं हाय. सरपंच मीच हुतो. आमच्या गावात येडं कुनी न्हाय म्हनलो, बोर्डबी काढाय लावला.

स्वरूपा : तो बोर्ड मीच बांधला होता, तात्या.

रामहरी : तुमी हुता व्हय? लय लाज वाटतीया सिस्टर. हिला तोंड बांधून आनली म्या, चोरीचा माल आनल्यागत. हितं बसल्यावरबी सोडू दिलं न्हाय.

स्वरूपा : झालं ते झालं. नवा केसपेपर काढू. खरं नाव सांगा.

रामहरी : थांबा, आदी दार लोटतो. भाईर आयकू जाईल.

स्वरूपा : तात्या?

सून : मामा, माझं नाव सांगू का मी?

रामहरी : सांग, पोरी. आदी त्यो स्कार्फ सोड.