पिन तर बसली होती

नाही, बसत नाही मी. रातभर डोळ्याले डोळा नाही लागला, तनवीरभाई, आधी हे पेडल पाहा. जळलं. लाइटच लागत नाही. आमच्या यांच्या गिटारचं — आवाज घुमवते ते. उद्या अमरावतीले प्रोग्राम, आणि ऑर्केस्ट्रावाले खुशालराव म्हणाले, आवाज पुन्हा गेला तर दुसरा गिटारवाला पाहतो. अ‍ॅडॉप्टर कोणाकडून नेला? तुमच्याकडून. मी स्वतः. नऊ व्होल्ट, आत मायनस, बाहेर प्लस — बाकी वस्तूंचं आत प्लस असते, पेडलचं उलटं — यांनी पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून. बी.एस्सी.चं फिजिक्स तर कधीच विसरले मी, पोळ्या लाटता लाटता. तुमी दुसराच दिला ना? खरं सांगा. हा पाहा, पेडलले हाच लागून होता.

काय लिहिलं आहे? बारा? दाखवा... बारा व्होल्ट, आत प्लस. थांबा — तुमच्या अ‍ॅडॉप्टरले मी नेलपॉलिशचा लाल टिपका लावला होता, हे टिपका पाहूनच लावतात. याले कुठं आहे टिपका? मग हा आला कुठून?

फवारणीच्या पंपाचा चार्जर? बॅटरीवाल्या? अरे देवा — दीर आले होते चांदूर बाजारहून, सूर्यभान भाऊजी, पंप दुरुस्तीले आणला, गॅलरीत ठेवून गेले. म्हणजे त्यांनीच! वाटलंच होतं मले. त्यांले अकोला, गिटार, मी — काहीच आवडत नाही. आले की यांले म्हणतात, कपाशी एकट्यानं होत नाही आता, चाल गावाले. अन् हे गप्प. काहून गप्प? तेच तर रातभर — पेडलचं काय, पेडल दुसरं येईल — गिटार सुटली की हे गावाले जातील, अन् तिथं तर दरसाल कोणाच्या तरी दारी पंचनाम्याले पोलीस उभे... जाऊ द्या. तुमाले कशाले सांगून राहिले मी.

पण भाऊजी तर पेडलले हातही लावत नाहीत. मग मीच लावला का, झाडताना? माझा काही भरवसा नाही. पिन सारखीच बसते ना दोघांची? बसते. हे तर चुकणार नाहीत, यांले तर —

जुई, काउंटरवरून उतर. उतर म्हटलं ना. काय म्हणून राहिली तू? कोणी लावला?

"बाबानंच लावला, आई. मले म्हणे, आता आपण गावाले राहाले जाऊ."